गावाचे मनःस्वास्थ्य आणि प्राथमिक शिक्षक

(सोनपेठ येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



सेवानिवृत्त मुख्याध्यापकास बोलावयास उभे केले म्हणजे तो आपल्या काळच्या शिस्तीचे गोडवे गातो, अशी आपली समजूत असेल तर ती बहुधा खोटी नाही. आज मात्र मला माझ्या एका चुकीविषयी बोलावयाचे आहे. विषय मोठा आहे; गावाच्या मनाच्या आरोग्याचा. परंतु मला त्याची ओळख एका हजेरीपटामुळे झाली, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

२०१६ साली मी गोदाकाठच्या एका लहान शाळेवर होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात चांगला, अक्षर वळणदार; पण गैरहजेरी फार. आला तरी मान खाली घालून बसे आणि दुपारच्या सुटीत ताटाला हात न लावता घराकडे धाव घेई. मी त्यास दोन वेळा वर्गासमोर उभे केले. एकदा सर्वांच्या देखत विचारले, ‘शाळा शिकायची आहे की ढोरं राखायची आहेत?’ मुले हसली. तो हसला नाही, रडलाही नाही. त्यानंतर आठ दिवस तो शाळेत आला नाही, आणि मी त्याच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा लिहून मोकळा झालो.

त्या सुमारास गावच्या आशाताई शाळेत आल्या. घरोघरच्या पाहणीसाठी त्यांना मुलांची नावे पडताळून घ्यावयाची होती. हजेरीपट चाळता चाळता त्या मुलाच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, ह्याच्या गैरहजेऱ्या कोणत्या वारी पडतात ते पाहिलंत का?’ मी पाहिले नव्हते. तीन महिन्यांची पाने आम्ही दोघांनी मिळून पाहिली. बहुतेक गुरुवार, आणि प्रत्येक अमावास्येच्या मागचेपुढचे दोन दिवस. ताई म्हणाल्या, ‘ह्याच्या आईला ठाण्यावर नेतात. बरोबर जायला दुसरं माणूस नाही.’

पुढची हकीकत मला तेव्हा कळली. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर त्या बाईची झोप उडाली होती. रात्ररात्र ती स्वतःशी बोले, कोणी तरी आपल्याला हाका मारते असे म्हणे, आणि एक-दोनदा नदीच्या वाटेने निघून गेली होती. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा केला, दोरा बांधला, वारी धरली. बाप टोळीबरोबर कारखान्यावर गेलेला. उचल घेतली असल्याने तो फड सोडून येऊ शकत नव्हता. आजी थकलेली. तेव्हा नऊ वर्षांच्या पोराने आईच्या मनगटाला बांधलेला दोर स्वतःच्या हाताला गुंडाळून दिवसच्या दिवस तिच्याजवळ बसावयाचे, अशी घरची व्यवस्था होती. दुपारी तो धावत जाई तो तिला चार घास भरविण्यासाठी. आणि मी त्यास ढोरे राखण्याविषयी विचारीत होतो.

ही गोष्ट मी मन हलके करण्यासाठी सांगत नाही. तिच्यात एक गोष्ट आहे ती आपल्या कामाची आहे. त्या घरात काही तरी बिघडले आहे याचा लेखी पुरावा गावात एकाच ठिकाणी होता. दवाखान्यात नव्हता, ग्रामपंचायतीत नव्हता, पोलीसपाटलाकडे नव्हता. तो माझ्या टेबलावर होता, आणि रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने तो लिहीत होतो.

आता या घरापासून जरा दूर जाऊन पाहू. बेंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकी शंभरांत दहांहून किंचित अधिक लोकांस पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारपरत्वे त्यांच्यापैकी सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांस उपचार मिळालेलाच नव्हता. या पाहणीत आपले राज्य नव्हते. परंतु आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही. औषधे आहेत, ती महाग नाहीत, ती गुण देतात, आणि तरीही ती रोग्यापर्यंत पोहोचत नाहीत. हे का?

एक कारण अंतराचे. मनोरुग्णांसाठी शासनाची जुनी रुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी. त्यांपैकी ठाण्याचे १९०१ सालचे. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. इतक्या दूर माणूस न्यावयाचा म्हणजे शेत, गुरे, मजुरी सारे सोडून जावयाचे. आणि त्या दगडी भिंतींचा धाक असा, की एकदा आत गेलेला माणूस परत येत नाही असेच लोक समजत. त्या समजुतीस पूर्वी आधारही होता. १९१२ सालचा कायदा रोग्यास बरे करण्यापेक्षा त्यास समाजापासून दूर ठेवण्याचा विचार अधिक करी, आणि तो १९८७ चा कायदा येईपर्यंत पुस्तकात होता.

या भिंती पाडण्याचा विचार ज्यांनी केला त्यांत अमृतसरचे डॉ. विद्यासागर यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले व रोग्यांच्या घरच्या माणसांस तेथे राहावयास बोलाविले. आईने मुलाजवळ असावे, पत्नीने पतीजवळ असावे, डॉक्टरांनी त्या सर्वांशी मिळून बोलावे. काम साधे होते, पण त्यामुळे घरची माणसे आजार समजून घेऊनच रोग्यास परत नेऊ लागली. पुढे १९७५ च्या सुमारास हरियाणातील रायपूर राणी येथे व बेंगळूरजवळ साकलवारा येथे आणखी एक पाऊल पुढे पडले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी यांस शिकवून गावातच हे उपचार करता येतात काय, हे पाहिले गेले. ते करता येतात असे दिसले. त्याच जोरावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात तो आजमावला गेला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या नावाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत पसरू लागला. आज जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा बाह्यरुग्ण विभाग आपण पाहतो तो या कार्यक्रमाचे फळ आहे. शिवाय आपल्या या बाजूस अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही.

तरी माणसे जात नाहीत. याचे दुसरे कारण अंतरापेक्षा बिकट आहे. घरच्यांस हा आजार आहे हेच वाटत नाही. वाटले तर सांगण्याची लाज वाटते. आणि सांगावेसे वाटले तर कोणास सांगावे हे कळत नाही. येथे तज्ज्ञाची विद्या उपयोगी पडत नाही. येथे गावातलाच माणूस लागतो. आपल्या महाराष्ट्रात हे दोन ठिकाणी फार चांगल्या रीतीने दिसून आले आहे.

पहिले ठिकाण विदर्भाचे. कापूसपट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा देशभर चालू असताना डॉ. विक्रम पटेल यांची गोव्यातील ‘संगाथ’ संस्था व तिचे सहकारी यांनी ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प तेथील तीस गावांत चालविला. गावातले आरोग्यसेवक घरोघर जात, उदासपणा हा आजार असू शकतो हे समजावीत. त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज पडेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञ. आरंभी पाहणी केली तेव्हा उदासीनतेचा विकार असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदतीस गेलेले होते. दीड वर्षाच्या कामानंतर ती संख्या सत्तावीसवर गेली. सत्तावीस म्हणजे शंभर नव्हेत, हे खरे. परंतु डॉक्टरांची संख्या न वाढविता, गावातील माणसांच्या बोलण्याने हे घडले, ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

दुसरे ठिकाण नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याचे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने डॉ. सौमित्र पथारे यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३ ते २०१५ या काळात तेथील एकेचाळीस गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम केला. त्यांनी गावातल्याच समंजस माणसांची निवड केली. शिकलेलेच हवेत असा आग्रह नव्हता. ज्यांच्याजवळ लोक आपण होऊन मन मोकळे करतात, अशी माणसे हवी होती. काहींनी केवळ दुःखी माणूस हेरावयाचा, काहींनी त्याच्याजवळ चार-सहा वेळा बसून त्यास बोलते करावयाचे. अडलेल्यास सरकारी योजनेचा कागद मिळवून देण्याचे कामही त्यांच्याकडे होते. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटला. कारण निराधार योजनेचे पैसे अडकले म्हणून ज्या म्हातारीची झोप गेली आहे, तिला नुसते धीर धर म्हणून कसे भागेल?

आपल्या जिल्ह्यासही हे काम नवे नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्याचे आठ व विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत परभणी होता. आशाताईंनी घरोघर प्रश्न विचारून मनाने खचलेली माणसे ओळखावीत व त्यांस पुढे पाठवावे, अशी त्याची योजना होती. माझ्या हजेरीपटावर ज्या बाईंचे बोट थांबले, त्यांस हे शिक्षण तेथेच मिळालेले होते. मला मिळाले नव्हते, म्हणून मला दिसले नाही, असे म्हणून मी सुटू शकतो. पण गुरुवार ओळखण्यास कोणते शिक्षण लागते?

आता देवस्थानांचा प्रश्न. यावर बोलताना जपून बोलले पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नवस आहेत आणि माझ्याही घरी आहेत. श्रद्धेने माणसास धीर येतो, तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी काय झाले ते आपण विसरू नये. दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयगृहास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे ज्या कायद्यासाठी खस्ता खाल्ल्या, तो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्येच झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली आहे.

कायदा सांगून मात्र घरचे लोक दवाखान्यात येत नाहीत. ते आपल्याला टाळू लागतात. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर निराळी वाट काढली गेली. तेथे मुजावरांसच आजाराची ओळख करून दिली, आवाराजवळ डॉक्टर बसू लागले, आणि दुआ मागून झाली की मुजावरच भाविकास म्हणू लागला, आता दवाही घे. आमच्या गावी आशाताईंनी तेच केले. ‘वारी बंद करा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ‘गुरुवार तुमचा, मंगळवार माझा’ एवढेच त्या आजीबाईस म्हणाल्या, आणि मंगळवारी एस.टी.ने त्या बाईस घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. पहिल्या खेपेस मीही गेलो. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. त्यांना कागद लिहिणारा माणूस हवा होता.

गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ती बाई झोपू लागली, हाका कमी झाल्या. पुढे बरे वाटले म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि दुखणे उलटले. पुन्हा मंगळवार सुरू करावे लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण कोणास दवाखान्यात नेले आणि दोन महिन्यांत तो पुन्हा बिघडला, तर ‘पाहा, गुरुजींचेही चालले नाही’ असे गाव म्हणेल. तेव्हा गोळी डॉक्टर सांगतील तोवर, त्यांस विचारल्यावाचून सोडावयाची नाही, एवढे आपण पक्के सांगत राहावे.

घरच्या माणसांविषयी एक शब्द. आजाऱ्यास सांभाळणारा हाही एक रोगीच होऊन बसतो, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीस स्किझोफ्रेनिया हा आजार झाला. आपले दुःख झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी ते सर्वांसमोर मांडले, पुण्यात अशा रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि २००४ मधील ‘देवराई’ हा चित्रपट निघण्यास पाठबळ दिले. तो चित्रपट आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. नसल्यास पाहावा, एका तासिकेच्या व्याख्यानापेक्षा त्याने अधिक कळते.

दारूविषयी मी विस्तार करीत नाही. तिचा परिणाम वर्गात कसा दिसतो हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. तोही आजार आहे व त्यावर उपचार आहे, हे १९८६ पासून पुण्याचे मुक्तांगण दाखवीत आले आहे. ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. शिक्षकांवर आणखी एक नोंदवही लादण्यास मी आलेलो नाही. तेवढी दया माझ्याजवळ आहे. हजेरीपट आहे तोच पुरे. महिन्याच्या शेवटी बेरीज करताना गैरहजेरी किती हे पाहतो, तसे ती कोणत्या वारी हेही पाहावे. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या म्हणजे कोण आईबापांबरोबर गेले, कोण हंगामी वसतिगृहात राहिले आणि कोण आजी-आजोबांजवळ मागे राहिले, हे वेगवेगळे ध्यानात ठेवावे. मागे राहिलेल्यांपैकी जे मूल एकाएकी गप्प झाले, डबा परत नेऊ लागले, विनाकारण मारामारी करू लागले किंवा वर्गात डुलक्या घेऊ लागले, त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. गेल्यावर चौकशीचा सूर नसावा. पाणी मागावे, ओट्यावर बसावे, पाऊसपाण्याचे बोलावे. घरातले माणूस आपण होऊन बोलते. आपण घड्याळाकडे न पाहिले म्हणजे झाले.

रोगाचे नाव आपण ठेवू नये. ते डॉक्टरांचे काम आहे आणि आपल्या तोंडून ते निघाले तर गावात शिक्का होऊन बसेल. जे कळले ते चावडीवर जाता कामा नये, आणि शिक्षकांच्या खोलीतही जाता कामा नये. हे दुसरे अधिक कठीण आहे.

वर्गात एखाद्या मुलास आकडी आली तर कांदा-चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याजवळचे बटण सोडावे, झटके थांबले की मुलास कुशीवर वळवावे. पाच मिनिटांहून अधिक चालले तर तडक दवाखान्यात न्यावे. अपस्मार हे मेंदूचे दुखणे आहे. ते संसर्गाने होत नाही; त्या मुलाचे पाणी प्यायचे भांडे वेगळे करण्याचे कारण नाही. औषध नियमित घेतल्यास बहुतेक मुले नीट शिकतात.

आणि एक नाजूक गोष्ट. एखादे माणूस, मग ते पालक असो, मोठ्या वर्गातले मूल असो की आपल्याच शाळेतले सहकारी असोत, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी तरी विचारले म्हणून माणसास हायसे वाटते. त्यास एकटे सोडू नये. घरात फवारणीचे औषध असेल तर ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावयास घरच्यांस सांगावे. पोलिसांच्या भीतीने लोक अशी गोष्ट दडवितात. त्यांस सांगावे, की २०१७ च्या कायद्याने अशा माणसास गुन्हेगार न समजता तीव्र ताणाखालचा माणूस समजले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तो २०२२ मध्ये सुरू झाला, त्यास पैसे पडत नाहीत व मराठीतून बोलता येते. तो कार्यालयाच्या कपाटावर नव्हे, व्हरांड्यात पालकांस दिसेल अशा ठिकाणी लिहावा.

त्या मुलाचे काय झाले, असे मघाशी एका बाईंनी खुणेने विचारले. त्या वर्षी तो चौथी पास झाला. मी लिहिलेला शेरा खोडण्याची नियमात सोय नव्हती, म्हणून खाली दुसरा लिहिला. आता तो मोठा झाला आहे व बारावीच्या पुढे शिकतो आहे. त्याची आई शेतात जाते, अजूनही मंगळवारी जाऊन औषध आणते, आणि रस्त्यात भेटली तर मला रामराम करते. त्या दिवसांविषयी आम्ही कधी बोललो नाही.

मध्यंतरानंतर आरोग्य विभागाच्या भगिनी येथेच थांबणार आहेत. केंद्रप्रमुखांनी आपापल्या केंद्रातील गावांची यादी घेऊन त्यांच्याजवळ बसावे व प्रत्येक गावच्या आशाताईंचे नाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी कोठे बसतात, हे उतरून घ्यावे. वार बदलतात, तेव्हा पेन्सिलीने लिहावे.